तलासरी ब्लॅक

रविवार, ८ जून २०२५. सकाळ.

आजपासून नोंदी ठेवायच्या. मोठ्या प्रयोगाची नोंद नसली की नंतर लोक खोदून खोदून विचारतात, आणि लोकांना समजावत बसण्याइतका वेळ मला नाही.

प्रयोग असा: काचेच्या टाकीत, गोड्या पाण्यात, नाजूक झाडं जगवणे. नुसते मासे नव्हेत. मासे कोणीही पाळतं.

काल साडू आला होता. उमेश. वापीला असतो. त्याच्या घरी प्लांटेड टँक आहे हे तो चहा यायच्या आत सांगतो. जाताना मला प्लास्टिकचे दोन छोटे डबे दिले. एकात हेअरग्रास, म्हणजे टाकीच्या तळाशी हिरवळीसारखं पसरणारं, केसांसारखं बारीक गवत. दुसऱ्यात रोटाला, लाल पाल्याचं. दोन्ही लॅबमध्ये वाढवलेली, अति सेन्सिटिव्ह. देताना म्हणाला, भावजी, तुमच्याकडे जगायची नाहीत, पण असू देत. सगळ्यांसमोर. त्याची बायको निलम हसली. कविता पण हसली. कविता निलमची बहीण असली तरी माझी बायको आहे, हे तिला मधूनमधून आठवण करून द्यावं लागतं.

मी शांतपणे म्हटलं, श्रावणाआधी गटारीला जेवायला ये. वीस जुलैचा रविवार आहे. कोंबडी कविताची, हिरवळ माझी.

कविताने लगेच डाव साधला. टाकी हॉलमध्ये खिडकीजवळच्या कोपऱ्यात आहे. तो कोपरा तिला शिलाई मशीनसाठी हवाय. मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, तिथे म्हणे उजेड नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. ब्लाउज शिवायला उजेड कशाला लागतो देव जाणे. तर ठरलं असं: गटारीला उमेशने टाकीत जिवंत झाडं पाहिली तर टाकी कायमची खिडकीत. नाही पाहिली तर टाकी गच्चीवर आणि मशीन खिडकीत. तिने टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. बिचारी.

मंगळवार, १० जून.

मुळात सगळा खेळ मातीचा असतो. व्हिडिओमधला माणूस हेच सांगतो, फक्त वीस मिनिटं लावतो. तळाशी काळी, भुसभुशीत, सेंद्रिय माती. तिच्यावर वाळूचा थर. माती चांगली असेल तर नाजूक झाडसुद्धा मूळ धरतं.

डहाणू रोडला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला विचारलं, प्लांटेड टँकसाठी माती आहे का. म्हणाला, माटी नाखशो तो पाणी डहोळुं थशे, म्हणजे माती टाकाल तर पाणी गढूळ होईल. आणि मला निळे-गुलाबी खडे दाखवले. वर प्लास्टिकची जलपरी. या माणसाकडून आख्खं डहाणू मासे विकत घेतं. मग मासे आत्महत्या करतात यात नवल काय.

माझ्या टाकीत आधी दोनदा मासे मेले ते इथल्या पाण्यामुळे. माझं बालपण डोंबिवलीत गेलं. तिथे कधी मासा मेला नाही. आमच्याकडे मासे नव्हते, पण तो मुद्दा वेगळा.

गुरुवार, १२ जून.

सापडली.

ऑफिसला जाताना. माझं ऑफिस तलासरीला, शेतीखात्याचं. मी तिथे वरिष्ठ लिपिक. सगळे मला पेडणेकर भाऊसाहेब म्हणतात. रोज डहाणूहून स्कूटरवर जातो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं असतात, ज्यांच्याकडे मी बघत नाही. आज पेट्रोल रिझर्व्हला आलं म्हणून थांबलो, आणि बघितलं.

सागपाड्याच्या अलीकडे, उतारावर, सगळी जमीन तांबूस. आणि एका कोपऱ्यात चौकोनी तुकडा, कोळशासारखा काळा. लोण्यासारखी भुसभुशीत माती. गवताचं पातं नाही. म्हणजे पडीक. इतकी सुंदर माती आणि कुणी तिच्यात काही पेरत नाही. या भागातल्या लोकांच्या आळसाबद्दल मी पूर्वीपासून बोलत आलोय.

काळा रंग कशामुळे? विचार केला. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला आहे. म्हणजे माती ज्वालामुखीजन्य. जपानहून येणारी महागडी माती पण ज्वालामुखीचीच असते. लोक जपानहून मागवतात आणि ती इथे सागपाड्याला पडून आहे.

रविवारी आणायची.

रविवार, १५ जून. दुपार.

आणली. तांदळाच्या दोन रिकाम्या गोण्या भरून.

सकाळी लवकर गेलो. रिमझिम होती, रस्त्यावर कोणी नाही. त्या तुकड्याभोवती कुणीतरी काटेरी फांद्या फेकल्या होत्या. स्वच्छतेचं भानच नाही. त्या उचलून बाजूला नीट रचून ठेवल्या. मग बाल्कनीतल्या कुंड्यांचं गुलाबी मुठीचं छोटं फावडं काढलं आणि व्यवस्थित, सरळ रेषेत कोपरा कापून घेतला. अर्धवट, ओबडधोबड काम मला जमत नाही.

कंबर धरली आहे. कविताला शेक द्यायला सांगितलं. तिने गोणीत डोकावून बघितलं, चिमूटभर माती बोटांत चोळली, वास घेतला, आणि विचारलं, कुठून आणली. म्हटलं, जंगलातून. तिला काय कळणार. तिचं माहेर घोलवडचं, घरची चिकूची वाडी आणि थोडी भातशेती. त्यापलीकडे मातीचा अनुभव नाही.

सोमवार, १६ जून. रजा (किरकोळ).

माती तयार करण्याची शास्त्रीय पद्धत: भिजवणे, उन्हात वाळवणे, पुन्हा भिजवणे, असं चार-पाच वेळा. मग चाळणे. याने मातीतलं नको ते निघून जातं.

ऊन नाही. म्हणून भिजवणे-वाळवणे रद्द. निसर्गाने ते लाखो वर्षं केलेलं आहे.

कविताने चाळण दिली नाही. ती म्हणे गव्हाची आहे. म्हणून चाळणे पण रद्द. हाताने बघून घेतली. मातीत बारीक लांबट पिवळसर टरफलं दिसली, जरा फुगलेली, काहींना पांढरं टोक. सेंद्रिय द्रव्य. तशीच ठेवली. याच्यासाठीच तर लोक पैसे मोजतात.

टाकीत चार बोटं थर दिला. वर डहाणूच्या किनाऱ्याची वाळू टाकणार होतो, कविता म्हणाली खारट असते. मी ते आधीच ठरवलं होतं. वाळू रद्द.

चिमट्याने हेअरग्रासचे झुबके लावले, मागे रोटाला. पाणी आत्ता भरायचं नाही. ही ‘ड्राय स्टार्ट’ पद्धत: माती फक्त ओली ठेवायची, टाकी वरून प्लास्टिकच्या कागदाने झाकायची, आत दमट हवा राहते, झाडं मूळ धरतात. महिन्याने पाणी. उमेशला ही पद्धत माहीत असण्याची शक्यता शून्य.

फावडं सापडत नाही. कविताने कुठेतरी टाकलं असणार.

गुरुवार, १९ जून.

ऑफिसात वैताग. सागपाड्याचा लहान्या नावाचा शेतकरी आला. सोबत त्याची बायको सुकी. तक्रार: राबाचा कोपरा कुणीतरी कापून नेला.

राब म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार, इतकी वर्षं त्याच्या फायली हलवतोय. शेताच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून उन्हाळ्यात भाजायचं. त्या भाजलेल्या काळ्या मातीत भाताचं बी पेरायचं. रोप वर आलं की उपटून बाकीच्या शेतात लावायचं. मागासलेली पद्धत. प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पाहण्यासारखं त्यात काही नाही.

लहान्याचं म्हणणं, बी पेरून दोन दिवस झाले होते, गुरं येऊ नयेत म्हणून काटे घातले होते, आणि सकाळी येऊन बघतो तर कोपरा गायब. म्हटलं, रानडुक्कर. तो म्हणाला, डुकराने काटे उचलून बाजूला रचले का. म्हटलं, डुकरं हुशार असतात. तो म्हणाला, डुकर उकरतो, कापत नाही, हा तर सुरीने वडी कापावी तसा कापलाय. मी म्हटलं, माझ्यापाशी वेळ नाही. अर्जावर शेरा मारला: ‘रानडुकराकडून राबाची नासधूस. नोंद घेतली.’

मग त्याने पिशवीतून पुरावा काढला. तिथे पडलं होतं म्हणे. छोटं फावडं, गुलाबी मुठीचं. थेट माझ्यासारखंच. कंपन्या एकाच साच्यातून लाखो काढतात. पुरावा म्हणून जमा करून घेतलं आणि कपाटात कशाला धूळ खाईल म्हणून घरी आणलं. बरं झालं, माझं सापडतच नव्हतं.

रात्री जेवताना कविताला हा किस्सा सांगितला. फावडं धरणारं डुक्कर. मी खूप हसलो. ती हसली नाही. तिची विनोदबुद्धी बेताचीच आहे.

शुक्रवार, २० जून.

हेअरग्रास तपकिरी. रोटालाची पानं गळून चिकट झाली. व्हिडिओतला माणूस याला ‘मेल्टिंग’ म्हणतो. झाड नव्या जागेशी जुळवून घेताना जुनी पानं सोडतं. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे चाललंय.

मातीचं पाणी कागदी पट्टीने तपासलं. या झाडांना किंचित आंबट पाणी लागतं. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे उलट टोकाला, राखेच्या पाण्याची होते तशी. पट्ट्या दमट हवेने बिघडल्या आहेत. डहाणूत काहीच टिकत नाही.

रविवार, २२ जून. सकाळी सात.

हिरवे कोंब.

नुसते एकदोन नाहीत, सगळीकडे. तपकिरी झालेल्या झुबक्यांमधून, झुबके नव्हते तिथूनही. मुळं मातीखालून पसरली आणि वर आली. उमेशच्या टाकीत हे व्हायला तीन महिने लागले होते, तो स्वतः म्हणाला होता. मला आठवडा.

कविताला बोलावून दाखवलं. ती कागदाआडून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, हे कसलं. म्हटलं, हेअरग्रास. ती म्हणाली, वाढू द्या. पराभव दिसू लागला की माणूस नरम येतो.

मातीला नाव द्यायचं ठरवलं: तलासरी ब्लॅक. छोट्या पाकिटांत विकता येईल. लेबलवर ज्वालामुखीचं चित्र.

रविवार, २९ जून.

बोटभर झालंय. पाती जरा रुंद आहेत. हेअरग्रास सुईसारखं असतं. माती इतकी सकस की झाडाने जात सुधारली.

दोन दिवस पाणी शिंपडायला विसरलो. तरी माती ओली. काय धरून ठेवते पाणी. लेबलवर लिहायचं.

रोटाला गेली. तिची तब्येत मुळातच नाजूक होती. उमेशने मुद्दाम कमकुवत दिली असावी.

शुक्रवार, ४ जुलै.

ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: माझं हेअरग्रास, ड्राय स्टार्ट, दिवस अठरावा.

कोणी काही बोललं नाही. अपेक्षाही नव्हती. फक्त संगिता मॅडमनी, ज्या गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बियाणं वाटतात, विचारलं: जया आहे की कर्जत? ही दोन्ही भाताच्या वाणांची नावं. यांना दिवसभर भातच दिसतो, मग हिरवं काही दिसलं की भात. मी हेअरग्रासचं शास्त्रीय नाव पाठवलं: इलिओकॅरिस. त्यांनी हसरा चेहरा पाठवला. न कळल्यावर लोक तेच करतात.

मंगळवार, ८ जुलै.

वीतभर उंच. आता प्लास्टिकचा कागद काढावा लागला, वर टेकत होतं. हेअरग्रासची हिरवळ करायची तर ते छाटावं लागतं, म्हणजे आडवं पसरतं. कविताची मोठी कात्री घ्यायला गेलो. मशीनच्या खणात नाही. तिला विचारलं. म्हणाली, धार लावायला दिली आहे. स्वयंपाकघरातली? ती मोडली. नखं कापायची? सापडत नाही.

ज्या घरात ब्लाउज शिवले जातात त्या घरात एक कात्री नाही. अशा व्यवस्थापनात तिला खिडकी हवी आहे.

गुरुवार, १० जुलै.

साहेबांनी बोलावलं. माझ्या शेऱ्याची प्रत वनखात्याकडे गेली होती. तिकडून पत्र: सागपाड्याला रानडुकराचा वावर असल्याचं आपण कळवलं आहे, संयुक्त पाहणी करू. साहेब म्हणाले, तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच जा.

मी फाइलवरचा माणूस. चिखलात पाठवतात.

शुक्रवार, ११ जुलै.

पाहणी केली. मी, वनरक्षक, लहान्या, सुकी.

जागा ओळखीची वाटली. पण इथली सगळी शेतं सारखीच दिसतात. कापलेला कोपरा अजून तसाच, कडा सरळ. वनरक्षक बसून बघत राहिला. मग काट्यांची रास बघितली. मग मला विचारलं, भाऊसाहेब, हे डुक्कर शाळेत गेलेलं होतं का. माझ्याशी अशी थट्टा करण्याइतकी आमची ओळख नाही.

बाकी शेतात लावणी झाली होती. फक्त खालचा एक पट्टा पाण्याने भरलेला, रिकामा. लहान्याने सांगितलं, रोप कमी पडलं. शेजाऱ्यांना पण पुरेपूर होतं, कोणाकडे उरलं नाही. तो पट्टा त्यांच्या घरच्या खाण्याचा असतो, बाकी विकतात. आता त्यात काही येणार नाही.

सुकी एवढा वेळ माझ्याकडे बघत नव्हती, स्कूटरकडे बघत होती. म्हणाली, ही लाल गाडी त्या रविवारी पण इथे उभी होती. म्हटलं, लाल स्कूटर जिल्ह्यात शेकडो असतील. ती म्हणाली, आरशाला हिरवा दोरा बांधलेली? कविताने बांधला आहे, दृष्ट लागू नये म्हणून. बायका काहीही बघत बसतात.

अहवाल: ‘खुणा पावसाने पुसल्या. प्राणी आढळला नाही.’

येताना जरा अस्वस्थ वाटलं. ॲसिडिटी. दुपारचा वडा.

मंगळवार, १५ जुलै.

आज टाकी पाण्याने भरली. झाडं अर्धी पाण्यात, अर्धी वर. याला ‘इमर्ज्ड ग्रोथ’ म्हणतात. उमेशच्या टाकीतलं पाण्याबाहेर कधी येत नाही, त्यात तेवढा जोमच नाही.

पाणी गढूळ झालं. तो दुकानदार म्हणाला होता त्याचा याच्याशी संबंध नाही. पाणी आज संध्याकाळपर्यंत निवळेल.

बुधवार, १६ जुलै.

निवळलं नाही. पण कलात्मक दिसतं.

शनिवार, १९ जुलै. संध्याकाळ.

तयारी पूर्ण. टाकीवर एलईडी लावला. शेजारी छोटं कार्ड ठेवलं: ‘तलासरी ब्लॅक. संकल्पना: दि. पेडणेकर.’

कविता स्वयंपाकघरात आहे. उद्यासाठी मसाला वाटतेय. मला विचारलं, ते काळं ज्या शेतातून आणलं तिथे कोण असतं. म्हटलं, कोणी नाही, पडीक होतं. ती म्हणाली, बरं. उद्या हरणार हे तिला कळलंय. मला तिची दया आली. मशीनसाठी एक चांगला बल्ब आणून देईन.

रविवार, २० जुलै. गटारी.

उमेश आणि निलम अकराला आले. मी चहाही थांबवला आणि सरळ टाकीपाशी नेलं.

उमेश टाकीसमोर उभा राहिला. खाली वाकला. मला वाटलं, गहिवरला. मग त्याने एक पातं दोन बोटांत धरलं, वर ओढलं, मूळ बघितलं, आणि फार गंभीरपणे विचारलं, भावजी, कापणीला मला बोलावणार का. मी म्हटलं, कसली कापणी, हे हेअरग्रास आहे. त्याने कार्ड वाचलं. मग तो सोफ्यावर बसला आणि त्याला हसू आवरेना. त्याच्या आईकडे उंबरगावला अजून भातशेती आहे. निलमने टाकीचा फोटो काढला आणि मला काही न विचारता माहेरच्या ग्रुपवर टाकला. घोलवडहून लगेच उत्तर आलं, रोप छान आहे, लावणीला उशीर का केला.

मी म्हटलं, तुम्ही लोक भाताशिवाय दुसरं झाड ओळखत नाही. तेव्हा कविता पदराला हात पुसत बाहेर आली. आवाज न चढवता म्हणाली, अहो, भातच आहे. मला कोंब आले त्या दिवशीच कळलं.

आणि मग सगळंच सांगितलं. माती हातात घेतली तेव्हाच राखेचा वास आला होता. चार दिवसांनी मी तिला डुकराची गोष्ट सांगून हसलो आणि गुलाबी फावडं घरी परत आलं. तेव्हापासून ती रोज त्याला पाणी घालत होती. कात्री तिने गव्हाच्या डब्यात लपवली होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाही. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही उपटून कचऱ्यात टाकलं असतं. कुणाचं तरी रोप आहे ते. वाढलं तर परत देता येईल.

 उमेशचं हसू थांबलं.

मी शेवटचा मुद्दा मांडला. अट अशी होती की उमेशने टाकीत जिवंत झाडं पाहायची. ती त्याने पाहिली. कविता म्हणाली, हो, जिवंत आहेत. पण तुमची नाहीत.

कोंबडी चांगली झाली होती म्हणे. मला फारशी गेली नाही.

सोमवार, २१ जुलै. रजा.

कविताने सकाळीच रोप उपटलं. मुळं टाकीच्याच पाण्यात धुतली, माती खाली राहू दिली. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी छोट्या छोट्या जुड्या बांधल्या, लाल, पिवळी, जरीची. त्या ओल्या गोणीत घालून ती स्कूटरवर मागे बसली. ती माती मी पुन्हा तांदळाच्या गोणीत भरून पायांपाशी ठेवली. 

काय सांगायचं ते मी तयार केलं होतं. ऑफिसने प्रायोगिक तत्त्वावर रोप वाढवलं, वगैरे. चांगला मसुदा होता.

लहान्या बांधावर होता. त्याने स्कूटर बघितली, गोणी बघितली, जुड्या बघितल्या. जरीची पट्टी बोटाने उलटीसुलटी केली. मुळं बघितली. रोप फिकं आहे, म्हणाला, पण धरेल.  मसुदा तोंडातच राहिला.

झोपडीतून सुकीने विचारलं, कोण आलाय. लहान्याने मागे न बघता सांगितलं, डुकर आला.

सुकी बाहेर आली. मला बघून हसली. रागाने नव्हे, खरंखुरं हसली, आणि कविताही हसली, आणि मला कोणावर चिडावं ते कळेना. लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

कविताने साडी खोचली आणि सुकीबरोबर त्या रिकाम्या पट्ट्यात उतरली. मला वाटायचं तिला भाताबद्दल काही येत नाही. तिचा हात सुकीच्या हातासारखाच चालत होता. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. लहान्या म्हणाला, भाऊसाहेब, छत्री त्यांना नको, तुम्ही उतरा. उतरलो. डावा बूट चिखलाने ठेवून घेतला. मी लावलेली रोपं सुकीने मागून येऊन पुन्हा लावली.

पट्टा भरला नाही. अर्ध्याहून थोडा जास्त झाला. लहान्याने बांधावरून मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, होळीपर्यंत खाण्यापुरतं होईल.

मंगळवार, २२ जुलै.

टाकी गच्चीवर. मशीन खिडकीत. सकाळपासून चालू आहे. उजेड तिच्या हातांवर चांगला पडतो, हे मान्य करावं लागतं. टाकीचं कार्ड तिने फेकलं नाही, उलट्या बाजूला मापं लिहून घेतली.

ऑफिसात साहेबांनी सागपाड्याची फाइल पुढे केली. बंद करायची आहे, शेवटचा शेरा लिहा. मी पेन हातात घेतलं. संगिता मॅडम समोरून हसत गेल्या. मग लिहिलं: ‘सदर प्राणी यापुढे उपद्रव करणार नाही.’

साहेबांनी वाचून विचारलं, इतक्या खात्रीने कसं काय. म्हटलं, सर, पाहणी फार जवळून केली आहे.